जहाज सुटले आणि साखर राहिली

सन २०२१ चा एप्रिल महिना. गळीत हंगाम नुकताच आटोपला होता, तोंडाला फडकी बांधून माणसे ये-जा करीत होती, आणि आमच्या गट ऑफिसात एरवी असते ती वर्दळ नव्हती. अशात आमचे एक जुने सभासद, ज्यांना सारा गट आबा म्हणून ओळखतो, काठी टेकीत आत आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारले,

"परदेशाची साखर फेब्रुवारीत गेली म्हणता. मग तिचं पैसं अजून का आलं न्हाईत? साखर काय पायी चालत गेली का?"

कारकुनाने सांगितले, "आबा, जहाज हुकलं."

"हुकलं म्हंजी? तोडणीचा गडी हुकला तर समजतं. जहाज काय एस.टी. हाय व्हय हुकायला?"

सगळे हसले. आबाही हसले. परंतु मागाहून आम्ही चौकशी केली तेव्हा ध्यानात आले की आबांनी थट्टेत जे विचारले त्याचे उत्तर 'होय' असेच आहे. ज्या जहाजाने आपली साखर जावयाची होती ते जहाज एस.टी.सारखेच होते. त्याला मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले, वेळापत्रक छापलेले. आणि एस.टी. जशी कधी कधी थांब्यावर न थांबता पुढे निघून जाते, तसेच ते गेले. त्या दिवसापासून या जहाजांविषयी जे जे कानावर पडले, जे वाचावयास मिळाले आणि पुढे न्हावा शेवा येथे जाऊन जे डोळ्यांनी पाहिले, ते सभासद बंधूंपुढे ठेवावे असे मनात होते. आज तो योग आला.

प्रथम झाले काय ते सांगतो. पांढऱ्या साखरेचा एक सौदा निर्यातदारामार्फत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरासाठी झाला होता. माल वीस कंटेनरचा. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २६ टन साखर बसते, म्हणजे ५० किलोची ५२० पोती. सौद्याची काही रक्कम आगाऊ मिळाली, उरलेली माल जहाजावर चढल्याच्या कागदावर मिळावयाची होती. ट्रक कारखान्यातून फेब्रुवारीत निघाले. तिकडे आधी रिकामे कंटेनरच मिळेनात. ते मिळून साखर भरून यार्डात लागली, तर ठरलेले जहाज मागच्या बंदरांत अडकून नऊ दिवस उशिरा निघालेले. तो उशीर भरून काढण्यासाठी त्या जहाजाने न्हावा शेवाचा थांबाच गाळला आणि ते परभारे पुढे गेले. पुढच्या जहाजात जागा नव्हती. त्याच्या पुढच्या जहाजाने साखर गेली. तोपर्यंत गोदामातील उरलेल्या साखरेवरच्या मालतारण कर्जाचे व्याज रोजच्या रोज चढत होते आणि आबांसारखे सभासद गट ऑफिसच्या पायऱ्या चढत होते.

समुद्रावरची मालवाहू जहाजे ढोबळ मानाने दोन जातींची. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगणे फार सोपे आहे, कारण आपल्याकडे रस्त्यावर एस.टी. आहे आणि वडापची जीपही आहे. वडाप भरल्याशिवाय हलत नाही. भरली की निघते, आणि गिऱ्हाईक म्हणेल तिकडे जाते. समुद्रावरच्या वडापला इंग्रजीत 'ट्रँप' म्हणतात. ट्रँप म्हणजे भटक्या. आज गहू, उद्या कोळसा, परवा खत, मिळेल तो माल आणि मिळेल ते बंदर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडहून कच्ची साखर जाते ती अशा भाड्याने ठरविलेल्या जहाजांतून, हजारो टन एकदम, सुटी. तेथे जहाज मालाची वाट पाहते. ठरलेल्या मुदतीत माल भरला नाही तर रोजचे डेमरेज बसते. हा शब्द आपल्याला रेल्वे वॅगनमुळे चांगला ठाऊक आहे.

दुसरी जात 'लायनर'. ही समुद्रावरची एस.टी. हिच्यात एकट्याने सबंध जहाज भरण्याइतका माल असण्याची गरज नाही. एक कंटेनर असला तरी चालतो. पाचशे जणांचा पाचशे प्रकारचा माल एकत्र जातो. साखर, तांदूळ, कापड, औषधे, द्राक्षे, ट्रॅक्टरचे सुटे भाग. येथे मात्र माल जहाजाची वाट पाहतो, जहाज मालाची पाहत नाही. आपल्यासारख्या एकट्या कारखान्याला थोडी थोडी पांढरी साखर विकावयाची असेल तर या एस.टी.वाचून इलाज नाही.

आता, जहाजाने भरो अगर न भरो ठरल्या दिवशी सुटायचे, ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. एकेकाळी ती वेडेपणाची वाटली होती. दोनशे वर्षांपूर्वी जहाजाचा कप्तान बंदरात बसून राही. माल पुरेसा झाला, वारा मनासारखा वाहू लागला, की शीड उघडायचे. व्यापाऱ्याला सांगितले जाई की जहाज या आठवड्यात निघेल, आणि ते पुढच्या महिन्यात निघे. टपाल, माल, उतारू, सगळे धक्क्यावर ताटकळत.

न्यूयॉर्कच्या काही व्यापाऱ्यांनी हे मोडायचे ठरविले. आयझॅक राइट आणि जेरेमाया थॉम्पसन ही त्यांतली दोन नावे. ऑक्टोबर १८१७ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर केले की आमची चार जहाजे न्यूयॉर्क आणि लिव्हरपूल यांच्या दरम्यान दरमहा ठराविक तारखेला सुटतील. न्यूयॉर्कहून पाच तारखेला, लिव्हरपूलहून एक तारखेला. मग माल असो वा नसो. ५ जानेवारी १८१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडत होते. असल्या हवेत कोण जहाज काढणार, असे धक्क्यावरची माणसे म्हणत असावीत. 'जेम्स मन्‍रो' नावाचे जहाज अवघे आठ उतारू आणि अर्धवट भरलेला माल घेऊन दिलेल्या तारखेला बाहेर पडले. मालात सफरचंदे होती, पीठ होते, कापूस होता. त्या कंपनीच्या जहाजांच्या पुढच्या शिडावर मोठा काळा गोळा रंगविलेला असे, म्हणून तिला 'ब्लॅक बॉल लाइन' म्हणत.

त्या पहिल्या फेरीत त्यांना पैसा सुटला असेल असे आम्हाला वाटत नाही. पण व्यापारी लोकांना एक गोष्ट कळली. तारीख पक्की असेल तर पलीकडच्या गिऱ्हाइकाला शब्द देता येतो, गोदामात माल कमी दिवस राहतो, पैसा कमी दिवस अडकतो. त्यासाठी चार पैसे जास्त भाडे द्यायला ते तयार झाले. लायनरचा सगळा धंदा त्या दिवसापासून आजतागायत एवढ्याच एका गोष्टीवर उभा आहे.

अर्थात सुटण्याची तारीख दिली तरी पोहोचण्याची तारीख वाऱ्याच्या हाती होती. ती आगबोटीने माणसाच्या हाती आणली. पण सुरुवातीच्या आगबोटी कोळसा इतका खात की दूरच्या प्रवासात मालाला जागाच उरत नसे. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्ट नावाच्या इंजिनिअरने, जो मूळचा रेल्वेत शिकलेला होता, १८६६ मध्ये जोड-सिलिंडरच्या इंजिनाची 'अ‍ॅगॅमेम्नॉन' ही बोट चीनच्या वाटेवर घातली. तीच वाफ दोनदा कामाला लावायची, असे ते इंजिन. एका इव्हॅपोरेटरची वाफ दुसऱ्याला देऊन रस आटविणाऱ्या आपल्या कारखान्यातल्या मंडळींना यातले मर्म सांगायला नको. पाठोपाठ १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि लंडन ते मुंबई हे अंतर आफ्रिकेच्या वळशापेक्षा सुमारे साडेचार हजार सागरी मैलांनी कमी झाले. तेथून पुढे मुंबईच्या व्यापाऱ्याच्या भिंतीवर बोटींचे वेळापत्रक लागले ते कायमचे.

येथे आपल्या धंद्याशी जुळणारी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कारखाना एकदा पेटला की ऊस येवो न येवो, बॉयलर, नोकरवर्ग, कर्जाचे हप्ते चालूच राहतात. 'नो केन' होऊन गव्हाण रिकामी पडली म्हणून पगार थांबत नाहीत. लायनरचे नेमके तसेच आहे. जहाज पूर्ण भरून गेले काय आणि अर्धे गेले काय, इंधन, खलाशी, बंदराचे शुल्क जवळपास तेवढेच. त्यामुळे रिकामी जागा दिसली की कंपन्या मिळेल त्या भावाने माल घ्यायला धावत, एकमेकींचे भाडे पाडीत, आणि शेवटी सगळ्याच बुडायला येत. यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे 'कॉन्फरन्स'. एका वाटेवरच्या कंपन्यांनी एकत्र बसायचे, भाडे ठरवायचे, फेऱ्या वाटून घ्यायच्या. अशी पहिली मोठी कॉन्फरन्स १८७५ मध्ये झाली ती ब्रिटन आणि कलकत्ता यांच्या वाटेवर, म्हणजे आपल्याच देशाच्या व्यापारावर.

व्यापारी बाहेरच्या जहाजाकडे जाऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. भाड्याचा काही हिस्सा कंपनीने परत द्यायचा, पण लगेच नाही. व्यापाऱ्याने ठराविक महिने कॉन्फरन्सच्याच जहाजातून माल पाठविला, मग त्यापुढचेही काही महिने तसाच पाठविला, तर द्यायचा. मध्येच एक पोते जरी बाहेरच्या जहाजात घातले तरी साचलेली सगळी रक्कम बुडाली. उचल देऊन शेतकऱ्याला बांधून ठेवणारे अडते आपण पाहिले आहेत. येथे त्याच्याच पैशाने त्याला बांधायचे!

या भिंतीवर आपल्या लोकांनी डोके आपटले नाही असे नाही. लोकमान्यांना मानणारे तुतिकोरिनचे चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून तुतिकोरिन ते कोलंबो अशी नियमित फेरी सुरू केली. समोरच्या ब्रिटिश कंपनीने तिकीट नाममात्र केले. फुकट नेण्यापर्यंत आणि वर उतारूंना छत्र्या वाटण्यापर्यंत मजल गेली असे सांगतात. १९०८ मध्ये पिळ्ळै यांना राजद्रोहाखाली तुरुंगात टाकले गेले आणि कंपनी बसली.

दुसरा माणूस आपल्याला जवळचा. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद. रावळगाव आणि वालचंदनगर येथल्या साखर कारखान्यांमुळे त्यांचे नाव ऊसवाल्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पण साखरेच्या आधी त्यांनी जहाजांत हात घातला होता. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी प्रभृतींबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. पहिले जहाज 'लॉयल्टी', ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले. हे जहाज मुळात 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने कॅनडा आणि हाँगकाँग यांच्यामध्ये वेळापत्रकाने फेऱ्या घालीत असे. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. पुढे भाड्याची लढाई झाली, आणि १९२३ मध्ये सिंदियाला ब्रिटिश कंपन्यांशी करार करून ब्रह्मदेश आणि सिलोन धरून किनाऱ्यावरच्या व्यापारापुरते दहा वर्षे स्वतःला आखडून घ्यावे लागले. दूरच्या समुद्राची दारे बंद. शेठजींनी तो करार नाखुषीनेच पाळला. १९२९ पासून ते कंपनीचे अध्यक्ष होते. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेले सिंदियाचे 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले तो दिवस त्यांना पाहावयास मिळाला. ती कंपनी १९८० नंतरच्या काळात अडचणीत आली. सरकारी शिपिंग कॉर्पोरेशन २ ऑक्टोबर १९६१ रोजी स्थापन झाली. तरीही आज भारताच्या परदेशी व्यापारातला दहा टक्क्यांहूनही कमी माल भारतीय जहाजांतून जातो. आपल्या साखरेचे ते तिसरे जहाजही परदेशी कंपनीचेच होते.

आता कंटेनरकडे वळू.

पूर्वी साखरेचे पोते जहाजात कसे चढे, हे मुंबईच्या गोदीत काम केलेल्या जुन्या माणसांकडून ऐकण्यासारखे आहे. ट्रकमधून पाठीवर, पाठीवरून दोराच्या झोळीत, झोळी याऱ्यावर, याऱ्यावरून जहाजाच्या पोटात, आणि तेथे पुन्हा हाताने रचायचे. प्रत्येक ठिकाणी पोत्याला लोखंडी आकडा टोचायचा. प्रत्येक आकड्याला थोडी साखर सांडायची. पाऊस आला की झाकणे बंद, काम बंद. १९५४ मध्ये 'वॉरिअर' नावाचे एक मालवाहू जहाज अमेरिकेतून जर्मनीला गेले, त्याच्या फेरीचा बारीक हिशेब पुढे मांडला गेला. सुमारे पाच हजार टन मालासाठी १,९४,५८२ नग हाताळावे लागले. खोके, पिंपे, पोती, गाठोडी, सगळे माणसांच्या हातांनी. आणि एकूण खर्चात समुद्र ओलांडण्याचा वाटा शेकडा बाराच्या आत होता. बहुतेक पैसा पाण्यावर जातच नव्हता, धक्क्यावर आणि जमिनीवर जात होता.

हे ज्याला खुपले तो जहाजवाला नव्हता, ट्रकवाला होता. माल्कम मॅक्लीन त्याचे नाव. तरुणपणी कापसाच्या गाठी घेऊन बंदरावर गेला असता आपला ट्रक रिकामा होण्याची वाट पाहत तो दिवसभर बसून राहिला, अशी कथा सांगतात. काट्यावर रात्र काढलेल्या आमच्या गाडीवान आणि ट्रॅक्टरवाल्या बंधूंना त्याच्या मनात काय आले असेल हे कळेल. एकेक गाठ उचलण्यापेक्षा ट्रकची पेटीच उचलून बोटीवर का ठेवू नये? २६ एप्रिल १९५६ रोजी त्याच्या 'आयडिअल एक्स' या जुन्या तेलवाहू बोटीवर ५८ पेट्या ठेवून ती न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेली. हाताने माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट लागत, या रीतीने १६ सेंटही लागले नाहीत. पुढे पेटीचे माप जगभर एक झाले, आणि आज बंदराची मोजदाद वीस फुटी पेटीतच होते. जगभरच्या गोदी कामगारांची कामे मात्र त्या पेटीने गिळली, मुंबईच्याही. तोडणी यंत्राविषयी आपल्याकडे जो वाद चालतो तसाच तो वाद होता.

न्हावा शेवाचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, ते याच पेटीच्या जमान्यासाठी बांधलेले. आम्ही तेथे गेलो ते २०२३ साली, अभ्यास सहलीबरोबर. पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही की माणसेच दिसत नाहीत. आपल्या गव्हाणीपाशी जितकी माणसे असतात तितकीसुद्धा एका सबंध धक्क्यावर नव्हती. उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत एक माणूस बसलेला, खाली एकामागून एक ट्रेलर लागत होते, आणि दोन-तीन मिनिटांत एक पेटी वर जात होती. हजारो पेट्यांच्या त्या जहाजावर खलाशी, अधिकारी, आचारी धरून वीस-पंचवीस माणसे असतात असे सांगण्यात आले. जहाज एक-दीड दिवस थांबते आणि जाते. आमच्यातल्या एकाने विचारले, "उद्या सकाळी ट्रक पोहोचला तर?" दाखविणारे गृहस्थ म्हणाले, "फाटक बंद व्हायची वेळ ठरलेली असते. ती चुकली की पुढचा आठवडा."

पुढचा आठवडा, यातच या धंद्याची सगळी गणितं आहेत. ती आपल्या खेपांसारखी आहेत. समजा न्हावा शेवाहून युरोपात जाऊन सगळी बंदरे करून परत यायला जहाजाला आठ आठवडे लागतात. दर आठवड्याला ठराविक वारी एक जहाज सोडायचे तर त्या वाटेवर आठ जहाजे हवीत. माळेत आठ मणी. आता फेरीला आठऐवजी अकरा आठवडे लागू लागले, तर एक तर तीन जहाजे आणखी आणायची, नाहीतर काही आठवडे जहाजच सुटणार नाही. फड लांब गेला की तेवढ्याच ट्रकांत ऊस कमी येतो, तसे.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा नेमके हेच घडले. मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेचा वळसा धरला. १८६९ च्या आधीची वाट! एका बाजूला दहा ते चौदा दिवस वाढले, भाडी वाढली. वळसा युरोपच्या मालाला, पण माळेतले मणी जगभरचे तेच असल्याने ओढ सगळीकडे बसली.

आपली साखर अडकली त्या २०२१ सालची कथा आणखी वेगळी. २०२० च्या टाळेबंदीत कंपन्यांनी फेऱ्याच्या फेऱ्या रद्द केल्या. नंतर अमेरिकेत घरबसल्या मालाची मागणी एवढी उसळली की चीन ते अमेरिका या वाटेवर भाडे कधी नव्हे इतके चढले. मग कंपन्यांनी रिकाम्या पेट्या तिकडे पळवल्या. आपल्याकडचे निर्यातदार रिकाम्या पेटीसाठी यार्डाचे उंबरे झिजवू लागले. तिकडे बंदरांत जहाजांच्या रांगा, त्यामुळे उशीर, उशीर भरून काढायला थांबे गाळणे. भरीला २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस वाट बंद. त्या वर्षी जगातल्या या जहाजांपैकी साधारण तीनांत एकच वेळेवर पोहोचत होते.

संकटाचे दोष कोणाला द्यावेत? परंतु एक गोष्ट आम्हाला खटकते आणि ती येथे मोकळेपणाने लिहितो. १८१८ मध्ये शब्द होता, भरो न भरो आम्ही निघणार. त्या शब्दासाठी व्यापारी जादा भाडे देत असे. आज माल कमी दिसला की कंपनी फेरी रद्द करते. धंद्याच्या भाषेत त्याला 'ब्लँक सेलिंग' म्हणजे कोरी फेरी असे गोंडस नाव आहे. माल चढल्याच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले असते की पोहोचण्याच्या तारखेची हमी नाही. म्हणजे नाव एस.टी.चे, भाडे एस.टी.चे, आणि चाल वडापची. जुन्या कॉन्फरन्सना युरोपने ऑक्टोबर २००८ मध्ये कायद्याने बंद केले. परंतु आता कंपन्याच इतक्या थोड्या उरल्या आहेत आणि जहाजे एकमेकींत वाटून चालविण्याचे त्यांचे गट इतके मोठे आहेत की लहान माल पाठविणाऱ्याला निवड फारशी राहत नाही.

कंपन्यांची बाजूही आहे, ती लपवू नये. भरो न भरो चालविण्याच्या हट्टात कोरियाची हानजिन ही जगातल्या मोठ्या दहांतली कंपनी ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस कोर्टात गेली. तेव्हा सुमारे १४०० कोटी डॉलरचा लोकांचा माल तिच्या जहाजांवर समुद्रात होता आणि बंदरे तिला आत घेईनात, कारण शुल्क कोण देणार? आपली साखर त्या जहाजावर असती तर आबांना काय सांगितले असते कोण जाणे.

गट ऑफिसातल्या त्या दिवसानंतर संचालक मंडळाने निर्यातीच्या सौद्यांत दोन बदल केले. माल जहाजावर चढल्याच्या कागदाऐवजी ट्रकने कारखान्याचा काटा ओलांडला की मोठी रक्कम मिळावी, अशी अट घालण्यात येऊ लागली. त्यासाठी भावात क्विंटलमागे थोडी सूट द्यावी लागते, पण व्याजाशी तोलता ती परवडते. दुसरे, माल बंदरावर ठरलेल्या जहाजाच्या एक फेरी आधी पोहोचेल अशा बेताने ट्रक सोडावयाचे. यार्डाचे भाडे पडते, ते पडू द्यावे. अर्थात परदेशी साखर पाठविता येईल की नाही हे आधी सरकारी परवानगीवर ठरते. २०२३-२४ च्या हंगामात ती मुळीच नव्हती, आणि २० जानेवारी २०२५ रोजी साऱ्या देशाला मिळून दहा लाख टनांची मिळाली.

त्या वीस कंटेनरची उरलेली रक्कम मे २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाली. आबांना निरोप धाडला तेव्हा ते बांधावर होते. त्यांनी चिटबॉयला एवढेच विचारले, "पोचली का तिकडं साखर?" आम्ही चौकशी केली. मोंबासाला उतरली होती, दोन दिवस आधीच.